तुकोजीची ड्यूटी

बेडूक मारून कुणी मोठं होत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नाही. मी एकोणचाळीस वर्षांची आहे, महू रोडवरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजच्या परीक्षा विभागात काम करते आणि गेली चार वर्षं घरच्या कॉम्प्युटरवर रोज बेडूक मारत आले आहे. एकाच दलदलीत, एकाच भाल्यानं. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

खेळाचं नाव थॉर्नहोल्ट. इंटरनेटवरचा खेळ, जगभरातली माणसं एकाच वेळी त्यात हिंडत असतात. मी एम.कॉम.ला असताना सुरू केला, म्हणजे सोळा वर्षं झाली. चित्रं तेव्हाही जुनाट होती, आता तर विचारूच नका. माणसाचं डोकं म्हणजे सहा चौकोन आणि घोडा म्हणजे शेपूट लावलेली खाट. ती मुद्दामच तशी ठेवली आहेत, कारण आमच्यासारख्यांना तेच हवं असतं. नव्या खेळांत तीन दिवसांत राजा करतात, वर रोज नुसतं तोंड दाखवल्याचं बक्षीस देतात. इथं कुणी लाड करत नाही. अठ्ठ्याण्णवाव्या पायरीवरून नव्व्याण्णवाव्या पायरीवर जायचं तर पाच लाख बेडूक. एका बेडकाला टक्क्याचा पाच हजारावा भाग मिळतो. आणि एकदा मेलात तर सबंध एक टक्का जातो, म्हणजे पाच हजार बेडूक पाण्यात.

नव्व्याण्णव झाल्यावर मिळतं काय? डोक्याभोवती एक पांढरं वलय, आणि खेळातल्या शहराच्या चौकात एक शिळा आहे तिच्यावर नाव. बस. सोळा वर्षांत त्या शिळेवर दोनशे अकरा नावं लागली होती, आणि नव्व्याण्णवच्या वर पायरीच नाही.

मग कशाला करायचं, असं लोक विचारतात. त्यांना मी एवढंच सांगते की अकरा वर्षं कंत्राटावर नोकरी करून बघा. दर जूनमध्ये मला पक्कं करण्याची फाइल वर जाते, दर जुलैत खाली येते. मी निकाल लावते, चुका दुसऱ्याच्या मी निस्तरते, आणि शाबासकी घ्यायला भलतेच उभे राहतात. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातली गत. दलदलीत तसं नाही. बेडूक मेला की पडद्याखालची निळी पट्टी सरकते. डोळ्यांना दिसत नाही इतकी थोडी, पण सरकते. कुणाची सही लागत नाही. असं दुसरं ठिकाण मला इंदुरात तरी सापडलेलं नाही.

आणि खरं सांगायचं तर त्या बेडकांचा मला मनापासून संताप येतो. तो पचकन आवाज, ते परत परत उगवणं. तीन तास मारून पट्टीकडे बघावं तर होती तिथंच. दोन वेळा मी माऊस भिंतीवर फेकलेला आहे. दुसऱ्या दिवशी नवा आणून पुन्हा तिथंच जाऊन बसले आहे.

माझ्या त्या भालाईताचं नाव तुकोजी. आमचं घराणं होळकरांच्या पागेतलं. खापरपणजोबा तुकोजी शिलेदार होते आणि त्यांनी मोठा पराक्रम केला, असं बाबा येईल त्याला सांगतात. कुठली लढाई हे मात्र ठरलेलं नाही. यमुनाआत्या म्हणते, कसला पराक्रम, गवताच्या गंजीवर पहारा द्यायचे. खेळात नाव टाकताना मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून तुकोजी.

बाबांचं नाव उदयसिंह. वय एकाहत्तर. पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसात बत्तीस वर्षं ऑपरेटर होते. दर तासाला उठायचं, प्रेशर बघायचं, व्होल्टेज बघायचं, टाकीतली पातळी बघायची आणि रजिस्टरात लिहायचं. दिवाळी असो की घरात लग्न असो, त्यांचा एक रकाना कधी कोरा राहिला नाही. दोन वर्षांपूर्वी माझी आई, शोभना, गेली, आणि सुदामा नगरच्या त्या घरात बाबा आणि मी दोघंच उरलो. मी दिवसभर कॉलेजात. बाबा फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे. संध्याकाळी मी आले की सांगायचे, आज कचऱ्याची गाडी सात मिनिटं लेट होती. एवढंच बोलणं. मला ते ऐकवत नसे, आणि काय करावं तेही कळत नसे.

एका संध्याकाळी ते माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"हा कोण?"

"तुकोजी."

"आपला?" त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "काय करतोय तो तिथं चिखलात?"

मी सगळं सांगितलं. पाच लाख बेडूक, नव्व्याण्णव, शिळा. त्यांना हसू आलं नाही. ही एकच गोष्ट मी त्यांच्या नावावर कायमची लिहून ठेवली आहे.

"किती झालं?"

"शेहेचाळीस टक्के. जवळजवळ तीन वर्षांत."

त्यांनी डोळे मिटून हिशेब केला. "म्हणजे अजून सव्वातीन वर्षं लागतील तुला, बेटा." मग थोड्या वेळानं म्हणाले, "दिवसा हे मशीन बंदच असतं ना?"

अशी बाबांची ड्यूटी सुरू झाली. दहा ते एक आणि तीन ते पाच. मी त्यांना एका कागदावर लिहून दिलं: कुठल्या बटणानं भाला मारायचा, कुठल्या बटणानं औषधाची बाटली प्यायची, जीव फार कमी झाला तर कुठल्या बटणानं शहरात पळायचं. शेवटी लिहिलं, कुणी काही विचारलं तर दोन मिनिटांच्या आत उत्तर द्यायचं, नाहीतर त्यांना वाटतं की माणूस नाही, मशीनच खेळतंय, आणि मग काढून टाकतात. बाबांनी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

आणखी एक नियम होता, तो मी लिहिला नाही. एका खात्यावर एकाच माणसानं खेळायचं. हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि सगळेच मोडतात. मी तो बाबांना सांगितला नाही, कारण सांगितला असता तर ते त्या खुर्चीवर एक मिनिटही बसले नसते.

त्यांनी पहिल्याच दिवशी लांब वही आणून रकाने आखले. वेळ, बेडूक, बाटल्या, टक्के, शेरा. "अकरा ते बारा, बेडूक १२३, बाटल्या ४, शेरा: निरंक." एकदा शेऱ्यात लिहिलं होतं, "उजवीकडून मगर आली, माघार घेतली, पावणेबाराला पुन्हा रुजू." चौदा महिन्यांत बाबा एकदाही मेले नाहीत. त्याच काळात संध्याकाळच्या माझ्या तासाभरात मी तीनदा मेले, आणि प्रत्येक वेळी त्यांनी रागावण्याऐवजी वहीत माझ्या नावासमोर एक टक्का वजा केला. ते जास्त लागायचं.

पण घर बदललं. मी आले की दारातच बातम्या सुरू व्हायच्या. आज ब्राझीलचा एक माणूस दलदलीत आला होता, हात हलवून गेला. आज डाव्या काठावर बेडूक जास्त उगवतात असं लक्षात आलं. "तुकोजीराव आज फॉर्मात होते," असं म्हणत ते पोहे करायला घ्यायचे. गेल्या वर्षी खंडेनवमीला आम्ही घरातल्या जुन्या तलवारीची पूजा केली, तेव्हा त्यांनी शेजारी माऊस मांडला आणि त्याला हळद-कुंकू वाहिलं. हळद चाकात अडकून माऊस बंद पडला, तो भाग वेगळा. पण आई गेल्यानंतर बाबांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

या वर्षी अनंत चतुर्दशीच्या झाक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, झाल्या तेव्हा सत्त्याण्णव टक्के पार झाले होते. बाबांनी हिशेब मांडला आणि जाहीर केलं, "दसऱ्याला. बरोब्बर दसऱ्याला तुकोजी शिळेवर चढणार." पितृपंधरवडा लागत होता. मी चिडवलं, आता पंधरा दिवस शुभकार्य बंद ना? तर म्हणाले, "नवं काम सुरू करायचं नाही. चालू पंप कोण बंद करतं?"

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, कॉलेजात परीक्षेचे फॉर्म तपासत होते आणि पावणेबाराला बाबांचा फोन आला. ड्यूटीवर असताना ते कधी फोन करत नाहीत.

"शिखा, आज इन्स्पेक्शन झालं!"

"कसलं?"

"अगं, आपल्या दलदलीत. जांभळ्या झग्यातले साहेब आले होते. एकदम बढिया झालं. दीड मिनिटात जवाब दिला मी, घड्याळ समोर ठेवून."

जांभळा झगा म्हणजे कंपनीचा माणूस, तपासायला येतो. "काय विचारलं, बाबा?"

"आधी विचारलं, जागेवर आहात का. मी लिहिलं, येस सर, गुड मॉर्निंग. मग विचारलं, हे अकाउंट तुमचंच का. मी लिहिलं, नो सर, माझ्या मुलीचं आहे, ती ऑफिसला गेली आहे, तिच्या जागी मी ड्यूटीवर आहे, चौदा महिन्यांपासून, दहा ते एक आणि तीन ते पाच. रजिस्टर मेन्टेन केलेलं आहे, हवं तर फोटो पाठवतो."

मी रजेचा अर्ज पुढं ओढला.

"फार सभ्य माणूस, बरं का. म्हणाले, थँक यू फॉर युअर ऑनेस्टी, आय ॲम सॉरी. आता त्यात सॉरी कशाला? खाली-पिली ड्यूटीत डिस्टर्ब केलं म्हणून म्हणाले असतील. मग लाइन गेली. एक लाल पाटी आली आहे, पण अक्षर बारीक आहे, चष्म्यातूनही दिसत नाही. तू आलीस की बघ."

मी अर्धी रजा टाकून घरी आले. लाल पाटीवर लिहिलं होतं की हे खातं एकाहून अधिक माणसं वापरत असल्याचं सिद्ध झाल्यामुळे कायमचं बंद करण्यात येत आहे. बाबा दोन्ही हात मागे बांधून उभे होते, शाबासकीची वाट बघत. मी ते त्यांना मराठीत वाचून दाखवलं. एकेक शब्द. मुद्दाम.

"पण मी तर खरं सांगितलं," ते म्हणाले.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला खरं सांगायला? एवढं साधं 'हो' म्हणता येत नव्हतं?"

"पण ते माझं नाही ना, शिखा. त्यांनी सरळ विचारलं. कर नाही त्याला डर कशाला?"

"सोळा वर्षं, बाबा! माझी सोळा वर्षं! बत्तीस वर्षं पंप चालू करायचा आणि बंद करायचा, तेवढंच येतं तुम्हाला. दुनियेत कसं वागायचं याची काही अक्कलच नाही!"

हे मी म्हटलं. ते शब्द परत घेता आले असते तर घेतले असते, पण त्याला बटण नाही. बाबांनी खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि बाहेर जाऊन फाटकाशी बसले.

रात्री जेवताना त्यांनी फक्त एक विचारलं, "हा नियम होता, हे तुला माहीत होतं?"

"हो."

"असं," ते म्हणाले, आणि वरण वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मी कंपनीला लिहायला लागले. पहिलं उत्तर मशीनचं आलं: आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे. दुसरंही मशीनचं. तिसरं पीटर नावाच्या माणसाचं आलं, कुठल्या देशातून ते ठाऊक नाही. त्यानं फार चांगल्या इंग्रजीत लिहिलं होतं की खेळणाऱ्या गृहस्थांनी स्वतःच कबुली दिली आहे, त्यांच्या सौजन्यानं आम्ही सगळे भारावून गेलो, पण निर्णय अंतिम आहे. मी तो मेल किती वेळा वाचला असेन. भांडायलाही समोर कुणी नव्हतं. आमच्या कॉलेजात निदान प्राचार्यांच्या केबिनबाहेर जाऊन बसता येतं.

कॉम्प्युटर लॅबमधली रुची माझी मैत्रीण, वयानं लहान पण या बाबतीत पोचलेली. तिनं सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "दीदी, सच बोलने की क्या जरूरत थी अंकल को? अब एक ही रास्ता है. लिख दो कि अंकल को भूलने की बीमारी है. कुछ भी बोल देते हैं."

मी तिला झिडकारलं. आणि घरी येऊन तेच लिहिलं. माझ्या वडिलांची स्मृती गेली आहे, मी नसताना ते कॉम्प्युटरशी येतात आणि मनाला येईल ते लिहितात, चौदा महिन्यांची ड्यूटी हा त्यांच्या मनाचा खेळ आहे. लिहिताना बाबा स्वयंपाकघरात होते. दूध किती वाजता तापवलं ते भिंतीवरच्या कागदावर लिहीत होते.

पीटरचं उत्तर दोनच तासांत आलं. हे ऐकून फार वाईट वाटलं, त्याची स्वतःची आजी तशीच होती. डॉक्टरांचं इंग्रजी पत्र पाठवलं तर पुन्हा विचार करू.

आता बाबांना सांगणं भाग होतं. मी खाली बघून सांगितलं.

"म्हणजे मी वेडा, असं लिहून घ्यायचं."

"वेडे नाही, बाबा. विसराळू."

"मग तुकोजी परत येईल?"

"येईल बहुतेक. राहू दे पण, बाबा. जाऊ दे झालं."

"जाऊ दे कसं?" त्यांचा आवाज एकदम पंपहाउसातला झाला. "माझ्या शिफ्टमध्ये बंद पडलंय. ज्याच्या शिफ्टमध्ये बंद पडेल त्यानं चालू करून द्यायचं, मगच घरी जायचं. चल, कधी जायचं सांग."

मी त्यांना अडवायला हवं होतं. अडवलं नाही. सत्त्याण्णव टक्के म्हणजे हातातोंडाशी आलेला घास होता, आणि मला तो हवा होता. दुसरं काही कारण सांगण्यात अर्थ नाही.

अन्नपूर्णा मंदिराजवळ डॉक्टर मनीष यांचा दवाखाना आहे, त्यांची वेळ सोमवारी संध्याकाळी पाचची मिळाली. घेताना माझ्या लक्षातच आलं नाही, पण तो दिवस अविधवा नवमीचा होता. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी करतात. आईचं. बाबांनी पहाटे उठून सगळी तयारी केली. तीळ, दर्भ, खिरीचे तांदूळ. गुरुजी संकल्पात तिथी सांगताना अडखळले तर बाबांनीच पुढचं सांगितलं. सवाष्ण म्हणून जेवायला समोरच्या द्वारकाबाई आल्या होत्या. बाबांनी त्यांना स्वतः वाढलं आणि सांगितलं, शोभनाला खिरीत जायफळ कमी लागायचं, म्हणून कमी घातलंय. द्वारकाबाईंचे डोळे भरून आले. मग बाबांनी कावळ्याला पान ठेवलं, धोतर बदलून पँट घातली आणि मला म्हणाले, "पावणेपाचला निघू. ट्रॅफिक असतो."

डॉक्टर तरुण होते, प्रेमळ होते. ते वाईट असते तर बरं झालं असतं.

"बाबूजी, अभी कौन सा महीना चल रहा है?"

बाबांनी छताकडे बघितलं. "पूस होगा." भर भाद्रपदात त्यांनी पौष सांगितला.

"आप काम क्या करते थे?"

"ध्यान नहीं."

ज्या माणसानं बत्तीस वर्षांत एक तास चुकवला नाही, तो म्हणाला, ध्यान नहीं. आणि वाक्य संपल्यावर त्यांनी हळूच माझ्याकडे बघितलं, बरोबर झालं का म्हणून, शाळेत तोंडी परीक्षेला पोरं बघतात तसं. मी मान हलवली. होय, मी मान हलवली.

"अच्छा, ये बताइए, आज सुबह घर में क्या-क्या हुआ? कोई आया था? कुछ खास था आज?"

बाबांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. या वेळी परीक्षेचं बघणं नव्हतं. हे विचारणं होतं, की हेही सांगू का, हेही द्यायचं का. मला एवढंच म्हणायचं होतं, बाबा, उठा, घरी जाऊ. चार शब्द. मी डॉक्टरांच्या टेबलावरच्या औषधाच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

"नहीं जी," बाबा म्हणाले. "आज कुछ नहीं था."

डॉक्टरांनी पत्र लिहून दिलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की धीर धरा, आता यांना एकटं ठेवू नका. परतताना स्कूटरवर बाबा मागे बसले होते. सिग्नलला म्हणाले, "काम होईल ना एवढ्यावर?" मी होईल म्हटलं.

काम झालं. घटस्थापनेच्या दिवशी पीटरचा मेल आला. खातं परत दिलं आहे, तुमच्या वडिलांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना, आणि विनंती एवढीच की यापुढे त्यांना कॉम्प्युटरपाशी येऊ देऊ नका. मी खेळ उघडला. दलदल तशीच होती. तुकोजी गुडघाभर चिखलात भाला धरून उभा होता, पट्टी जिथल्या तिथं. मला रडू आलं. मी ओरडले, "बाबा, तुकोजी आला! या लवकर!"

ते दारापर्यंत आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

"चांगलं झालं," म्हणाले. "खेळ तू."

"खेळ तू काय? उद्या दहाला तुमची ड्यूटी. दसरा हुकेल थोडा, पण चार-पाच दिवस इकडे-तिकडे. डाव्या काठावरून घ्या."

"मी नाही आता. माझ्या नावानं कागद आहे. मला काही आठवत नाही."

"बाबा, तो कागद खोटा आहे! आपल्याला माहीत आहे ना तो खोटा आहे!"

"हो. एकदा खोटं बोललो, ते तुझ्या कामासाठी. चूक माझ्या शिफ्टमधली होती, भरून दिली." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "आता जाऊन रोज तिथं बसलो, तर त्या सभ्य माणसाशी रोज खोटं बोलल्यासारखं होईल. तेवढं मला नको सांगूस, शिखा."

मी खूप विनवलं. रागावले, पाया पडले, दोन दिवस जेवले नाही. खेळ सोडून देते म्हटलं, तर म्हणाले, सोडू नकोस, एवढं करून मग सोडायचं तर केलं कशाला? त्यांच्याशी भांडायला कुठूनही जागा नव्हती. ते रोज दहाच्या ठोक्याला जागचे उठायचे, अंगात शर्ट घालायचे, आणि फाटकाशी जाऊन बसायचे.

उरलेले बेडूक मी मारले. नोकरीवर रजा टाकून मारले. एकेक पचकन आवाज ऐकत, पट्टीकडे बघत. कोजागरी होऊन दोन दिवस झाले होते, दुपारचे साडेचार वाजले होते, आणि तुकोजीच्या डोक्याभोवती पांढरं वलय उमटलं. पडद्यावर जगभरच्या माणसांच्या शुभेच्छा पडायला लागल्या, इतक्या भराभर की वाचता येईनात. शिळेवर दोनशे बारावं नाव लागलं. मला काहीच वाटलं नाही. मी तिथून उठले आणि पळत पुढच्या खोलीत गेले.

बाबा सुपात लसूण घेऊन सोलत बसले होते.

"बाबा, झालं! तुकोजी शिळेवर चढला!"

त्यांचे हात थांबले. मान वर झाली. त्यांच्या डोळ्यांत काय उजळलं ते मी बघितलं आहे, कुणी काही म्हणो. ओठ उघडले, बातमी नीट विचारायला, किती वाजता, शेवटचा कुठल्या काठावरचा, सगळं विचारायला. मग ते थांबले. दिलेला कागद त्यांना आठवला असावा.

"कोण तुकोजी?" बाबा म्हणाले.

आणि पुन्हा मान खाली घालून लसूण सोलायला लागले.